सहा डावांत कळतं का, कोण वरचढ?

प्रश्न थोडक्यात असा: एका बुद्धिबळ संघात पहिल्या पटावर, म्हणजे समोरच्या संघाच्या सर्वांत भारी खेळाडूसमोर, कोणाला बसवायचं यावरून वाद होता. दोघांचं रेटिंग (आधीच्या निकालांवरून काढलेला ताकदीचा आकडा) जवळपास सारखं. म्हणून सहा डावांचा सामना लावला आणि तो ४-२ असा सुटला. जिंकलेल्याचे पाठीराखे म्हणतात, आता बोलायला जागाच उरली नाही. हरलेला म्हणतो, सहा डावांत काय कळतं, अजून खेळू. तर इतक्या छोट्या सामन्यातून खरा वरचढ खेळाडू कळतो का?

मी बरीच वर्षं बुद्धिबळ शिकवतोय, पंचाचं कामही करतो, त्यामुळे हा वाद वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येतच असतो. माझं मत सरळ सांगतो. पहिल्या पटाचा निकाल लागला, तो मान्य करा. पण त्यावरून ‘हा त्याच्यापेक्षा सरस’ असा शिक्का मारत असाल, तर तसा कौल त्या सहा डावांनी दिलेलाच नाही. सामना जागा वाटून देऊ शकतो, बक्षीस वाटून देऊ शकतो. ताकद मोजायला मात्र सहा डाव कमी पडतात, आणि किती कमी पडतात याचा बहुतेकांना अंदाज नसतो.

आधी थोडं गणित करू. अवघड नाही. समजा दोघं खेळाडू तंतोतंत सारखे आहेत. निम्मे डाव बरोबरीत सुटतात आणि उरलेल्यांत दोघांची जिंकण्याची शक्यता समान आहे. असा एक डाव म्हणजे दोन नाणी उडवणं. दोन्हींवर छापा आला तर पहिला जिंकला, दोन्हींवर काटा आला तर दुसरा, एकावर छापा आणि एकावर काटा आला तर बरोबरी. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, म्हणजे प्रत्येक छाप्याला अर्धा गुण. सहा डाव म्हणजे बारा नाणी. पहिल्याला चार किंवा जास्त गुण मिळायचे तर बारापैकी किमान आठ छापे पडले पाहिजेत. बारा नाण्यांच्या एकूण ४०९६ शक्यतांपैकी ७९४ मध्ये तसं होतं. दुसऱ्याच्या बाजूनेही तितक्याच. म्हणजे दोन अगदी सारख्या खेळाडूंना सहा डावांसाठी बसवलं, तर दोघांपैकी कोणीतरी ४-२ किंवा त्याहून मोठ्या फरकाने जिंकण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के आहे. जे दर पाच सामन्यांत जवळपास दोनदा उगाचच घडतं, त्याला पुरावा म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आता खरोखर फरक असेल तर काय होतं ते बघू. इथे एलो पद्धत कामाला येते. आर्पाद एलो हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची मोजणी फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९७० मध्ये स्वीकारली आणि आज जे रेटिंग आपण म्हणतो ते त्याच पायावर उभं आहे. एलोंचं मूळ गृहीतक असं होतं की एकाच खेळाडूची कामगिरी डावागणिक वरखाली होते आणि या चढउताराचं प्रमाण विचलन साधारण २०० अंकांचं असतं. म्हणजे २००० रेटिंगचा खेळाडू एखाद्या डावात २२०० सारखा खेळतो, एखाद्या डावात १८०० सारखा. दोन खेळाडूंमधला फरक ३०-४० अंकांचा असेल आणि दोघंही स्वतःच असे दोनशे-दोनशे अंक हेलकावत असतील, तर एका डावाच्या निकालात तो फरक कुठे दिसणार?

रेटिंगच्या सूत्राप्रमाणे ५० अंकांनी वर असलेल्याने सरासरी ५७ टक्के गुण मिळवायला हवेत, १०० अंकांनी वर असलेल्याने ६४ टक्के. आपला ५० अंकांचा सरस खेळाडू घ्या आणि निम्मे डाव बरोबरीत सुटतात असं धरा. दोन डावांच्या सामन्यात तो जिंकण्याची शक्यता जेमतेम ४२ टक्के, बरोबरीची ३७ आणि हरण्याची २१. चार डावांत जिंकण्याची शक्यता ५३ टक्क्यांच्या आसपास. सहा डावांत ५८. बारा डावांत ६९, तरीही १८ टक्के वेळा तो चक्क हरतो. जुन्या जगज्जेतेपदाच्या लढतींसारखे २४ डाव लावले तरी तो ८१ टक्के वेळाच जिंकतो. शंभर डाव लावले तेव्हा कुठे ही शक्यता ९७-९८ टक्क्यांवर जाते.

इथे बरेच जण विचारतात, मग किती डाव पुरेसे? या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, कारण तुम्ही किती बारीक फरक शोधताय त्यावर ते अवलंबून आहे. फरक योगायोगाने पडलेला नसावा असं म्हणण्यासाठी संख्याशास्त्रात रूढ असलेली ९५ टक्क्यांची कसोटी लावली, तर १०० अंकांचा फरक दिसायला साधारण वीस डाव लागतात. ५० अंकांचा फरक दिसायला नव्वदएक. आणि २० अंकांचा फरक दिसायला पावणेसहाशेच्या घरात. फरक निम्मा झाला की डाव चौपट लागतात, हा हिशोब लक्षात ठेवा. सारख्या रेटिंगचे दोघं घेऊन सहा डावांत त्यांच्यातला फरक शोधणं म्हणजे लाकूड तोलायच्या काट्यावर सोनं तोलणं. काटा खोटा नसतो, पण त्या कामाचा नसतो.

तुमच्या ४-२ चा अर्थही याच मापात लावू. ४-२ म्हणजे ६७ टक्के गुण, म्हणजे त्या सहा डावांपुरती कामगिरी १२० अंकांनी वरची. ऐकायला भारी वाटतं. पण सहा डावांच्या आकड्यातली अनिश्चितता धरली, तर खरा फरक ढोबळमानाने उणे ८० पासून अधिक ५०० पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे जिंकलेला खेळाडू प्रत्यक्षात ८० अंकांनी कमजोर असण्याची शक्यतासुद्धा या निकालाने खोडून निघत नाही.

गणितावर विश्वास बसत नसेल तर इतिहास बघा. जगज्जेता कारपोव्ह आणि तरुण आव्हानवीर कास्पारोव्ह यांची १९८४ ची लढत माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात बोलका दाखला आहे. आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, डावांच्या संख्येला मर्यादा नाही, असा नियम होता. पहिल्या नऊ डावांत कारपोव्हने चार जिंकले, कास्पारोव्हने एकही नाही. बारा डावांची लढत असती तर ती नवव्या डावानंतरच ६.५-२.५ अशी संपली असती आणि ‘पोरगा अजून कच्चा आहे’ हा निकाल सगळ्यांनी डोळे मिटून मान्य केला असता. पण लढत चालूच राहिली. ओळीने सतरा डाव बरोबरीत सुटले. सत्ताविसावा डाव कारपोव्हने जिंकला, ५-०. एकच विजय हवा होता, तो मिळालाच नाही. बत्तिसावा डाव कास्पारोव्हने घेतला, मग सत्तेचाळिसावा, मग अठ्ठेचाळिसावा. फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी ४८ डावांनंतर लढत निकालाविनाच थांबवली. ती थांबवायला हवी होती का, यावर आजही भांडणं होतात, तो विषय वेगळा. त्याच वर्षी २४ डावांची नवी लढत झाली आणि कास्पारोव्ह १३-११ असा जिंकून जगज्जेता झाला.

पुढे १९८६, १९८७ आणि १९९० मध्येही हे दोघं जगज्जेतेपदासाठी भिडले. पाचही लढतींची बेरीज करा: १४४ डाव, कास्पारोव्हचे २१ विजय, कारपोव्हचे १९, बरोबरी १०४. गुण ७३-७१. एवढे डाव दोन खेळाडू जगज्जेतेपदासाठी एकमेकांशी क्वचितच खेळले असतील, आणि तरीही या बेरजेवरून ‘कास्पारोव्ह सरस’ असं संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येत नाही. फरक फक्त दोन विजयांचा आहे. असे १४४ डाव दोन सारख्या खेळाडूंनी खेळले तरी एवढा फरक सहज पडेल. तरीही त्या काळात कास्पारोव्ह अव्वल होता याबद्दल फारशी शंका कोणाला नाही, कारण तो इतरांविरुद्ध स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत होता. त्याचं वरचढपण दिसलं ते सगळ्या जगाशी खेळलेल्या डावांतून. एकट्या कारपोव्हविरुद्धच्या डावांत ते तसं दिसलंच नसतं.

यातून दुसरा मुद्दा निघतो आणि तो गणिताहून महत्त्वाचा आहे. ‘या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सरस’ आणि ‘खेळाडू म्हणून सरस’ या दोन गोष्टी एक नाहीत. १९९८ मध्ये एका सामन्यात ग्रँडमास्टर शिरोव्हने ग्रँडमास्टर क्रामनिकला ५.५-३.५ असं हरवलं, एकही डाव न गमावता. दोन वर्षांनी क्रामनिकने कास्पारोव्हला ८.५-६.५ असं हरवून जगज्जेतेपद घेतलं, तेही एकही डाव न गमावता. मग शिरोव्ह कास्पारोव्हला भारी पडायला हवा होता ना? शिरोव्हला क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात कास्पारोव्हला आयुष्यात एकदाही हरवता आलं नाही. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ क ला हरवेल, हे बुद्धिबळात गृहीत धरता येत नाही. शैली आडवी येते. धारदार, गुंतागुंतीच्या पटावर फुलणाऱ्या खेळाडूला समोरचा वजिरावजिरी करून कोरड्या पटावर नेत राहिला, तर तो गुदमरतो. क्रामनिकने २००० साली काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव ही ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) काढून नेमकं हेच केलं.

त्या लढतीचा आकडाही जरा बारकाईने बघा. पंधरा डाव, त्यांतले तेरा बरोबरीत, दोन क्रामनिकने जिंकले. दोन सारख्या खेळाडूंमध्ये दोन्ही निर्णायक डाव एकाच बाजूला जाणं म्हणजे दोन नाण्यांवर सारखीच बाजू येणं. निम्म्या वेळा येते. निव्वळ गुणफलकावर बोट ठेवून ‘क्रामनिक आता सगळ्यांत बलवान’ असं म्हणणं त्यामुळे धाडसाचं होतं, आणि २००५ मध्ये निवृत्त होईपर्यंत कास्पारोव्ह जागतिक क्रमवारीत पहिलाच राहिला. पण डाव समोर ठेवून बघितलं तर चित्र बदलतं. कास्पारोव्हला पांढऱ्या मोहऱ्यांनी काहीच मिळत नव्हतं, तो कुठे अडकतोय हे डावागणिक दिसत होतं. त्या लढतीपुरती क्रामनिकची तयारी आणि खेळ सरस होता, हे मी बेधडक म्हणेन. मात्र ते मी डाव बघून म्हणतोय, गुण बघून नाही.

बरोबरीच्या डावांबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बरोबरी झाली म्हणजे तो डाव वाया गेला, त्यातून काहीच कळलं नाही, असं नाही. तेरा बरोबऱ्यांमधून एवढं कळतं की दोघांत मोठी दरी नाही. मात्र कोण वर आहे हे जे थोडंफार कळतं ते निर्णायक डावांतूनच. कार्लसन आणि कारुआना यांच्या २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सगळेच्या सगळे बारा डाव बरोबरीत सुटले. त्या वेळी दोघांच्या रेटिंगमध्ये तीन अंकांचा फरक होता, २८३५ आणि २८३२. त्या बारा डावांनी रेटिंगचं म्हणणं खरंच ठरवलं: क्लासिकलमध्ये दोघांत फरक काढता येत नाही. मग टायब्रेकचे, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीचे, जलद डाव झाले आणि कार्लसन ३-० असा जिंकला. जगज्जेता ठरला, पण ज्या खेळात तो ठरला तो जलद बुद्धिबळ होता.

म्हणूनच ‘वेळ नाही, मग क्लासिकलऐवजी वीस ब्लिट्झ डाव लावू, संख्या तरी वाढेल’ ही युक्ती मला पटत नाही. संख्या वाढते, पण मोजलं जातं ते दुसरंच. पाच मिनिटांच्या डावात हात चालवण्याचा वेग, सवयीच्या चाली आणि घड्याळावरची नजर यांना भाव येतो. दीड तासाच्या डावात वीस मिनिटं एका चालीवर बसून योग्य योजना शोधणारा तिथे मार खातो. संघाचे सामने ज्या वेळेच्या नियमाने होणार, निवड त्याच नियमाने व्हायला हवी.

आता उलट बाजू. छोटा सामना कधीच काही सांगत नाही असं मी म्हणत नाहीये. दरी मोठी असेल तर तो सांगतो, आणि लगेच सांगतो. १९७१ मध्ये फिशरने तैमानोव्हला ६-० आणि पाठोपाठ लार्सनला ६-० असं धुतलं. आपल्या नाण्यांच्या हिशोबात सारख्या खेळाडूने ६-० जिंकण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक. ती लागोपाठ दोन सामन्यांत योगायोगाने येत नाही. तिथे सहा डाव पुरेसे होते. पण त्याच फिशरचा पुढचा सामना पेत्रोस्यानशी झाला आणि पाच डावांनंतर गुण होते २.५-२.५. पहिला फिशरने जिंकला, दुसरा पेत्रोस्यानने, पुढचे तीन बरोबरीत. पाच डावांवर थांबले असते तर दोघं सारखे ठरले असते. फिशरने पुढचे चारही डाव जिंकले, ६.५-२.५. त्यानंतर स्पास्कीविरुद्ध १९७२ मध्ये तो सुरुवातीलाच ०-२ असा मागे पडला (दुसऱ्या डावाला तो आलाच नाही) आणि शेवटी १२.५-८.५ असा जिंकला. एकच माणूस, ऐन भरात असलेला, आणि डाव कुठे थांबवता त्यावर तो अजिंक्य, बरोबरीचा किंवा हरलेला दिसतो.

आणखी एक गुंता आहे जो माझ्या नाण्यांच्या हिशोबात बसत नाही. नाण्याला मागचा निकाल आठवत नाही, खेळाडूला आठवतो. एका गुणाने पुढे असलेला माणूस पुढच्या डावात मोहरी उतरवत बसतो. मागे असलेला माणूस काळ्या मोहऱ्यांनीही जिंकायला जातो आणि बऱ्याचदा आणखी एक गुण घालवतो. त्यामुळे छोट्या सामन्यात पहिला निर्णायक डाव गरजेपेक्षा जास्त वजनदार ठरतो. ४-२ मधले शेवटचे एक-दोन निकाल अनेकदा ताकदीपेक्षा गुणफलकाच्या दडपणातून आलेले असतात. लांब लढतीत हे दडपण विरायला वेळ मिळतो, झोप आणि तयारी यांची भरपाई होते, हुकलेली ओपनिंग दुरुस्त करता येते. त्याच वेळी दमसास हीही एक कसोटी होऊन बसते, म्हणजे लांब सामनाही निव्वळ बुद्धिबळच मोजतो असं नाही. कारपोव्ह त्या ४८ डावांच्या शेवटी थकला होता असं बरेच जण मानतात.

पांढऱ्या मोहऱ्यांचा फायदा हा त्यामानाने सोपा विषय. पांढऱ्याला साधारण ५४-५५ टक्के गुण मिळतात, म्हणजे तीस-पस्तीस अंकांची भेट. डाव सम संख्येत ठेवा, रंग आलटून पालटून द्या, काम झालं.

बाद फेरीच्या स्पर्धांमध्ये छोट्या सामन्यांचा हा लहरीपणा फेरीगणिक वाढत जातो. विश्वचषकात प्रत्येक फेरीला दोन क्लासिकल डाव आणि गरज पडली तर टायब्रेक. समजा एखादा खेळाडू इतका भारी आहे की प्रत्येक फेरी जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे. सात फेऱ्या सलग जिंकण्याची शक्यता उरते २१ टक्के. कार्लसन दहा वर्षांहून जास्त काळ जगात पहिला होता, तरी विश्वचषक त्याच्या हाती लागला तो २०२३ मध्ये. २०१७ मध्ये तो तिसऱ्याच फेरीत बू शियांगझीकडून हरला होता. २००४ मध्ये फिडेचं जगज्जेतेपद याच बाद पद्धतीने ठरलं आणि ते अठ्ठाविसावं मानांकन असलेल्या कासिमझानोव्हने पटकावलं. २०२५ चा महिलांचा विश्वचषक पंधराव्या मानांकित दिव्या देशमुखने जिंकला, अंतिम फेरीत क्लासिकल डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांत कोनेरू हंपीला हरवून. या विजेत्यांचं कौतुक कमी करण्याचा हेतू नाही. नियमाप्रमाणे समोर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हरवलं, विजेतेपद त्यांचंच. फक्त, ‘विजेता’ आणि ‘सहभागींमध्ये सर्वांत बलवान’ हे दोन्ही एकच असतील अशी हमी ती पद्धत देत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

संगणकवाल्यांनी हा धडा आपल्याआधी घेतला. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला ३.५-२.५ असं हरवलं, तेव्हा जगभर बातमी झाली की यंत्र माणसाहून सरस झालं. सहा डावांचा सामना होता, अर्ध्या-अर्ध्या गुणांवर फिरलेला. सारख्या ताकदीच्या दोघांमध्ये दिलेली एक बाजू इतका किंवा याहून मोठा विजय जवळपास ३९ टक्के वेळा मिळवते. निष्कर्ष पुढे खरा ठरला, पण त्या दिवशी तो सिद्ध झाला होता असं मला वाटत नाही. आज स्टॉकफिशसारख्या इंजिनमध्ये (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) छोटासा बदल केला तरी तो उपयोगी आहे का हे ठरवायला जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांविरुद्ध हजारो, कित्येकदा लाखो डाव खेळवतात. इंजिनला ना झोप, ना धास्ती, ना घरची चिंता. तरीही एक-दोन अंकांचा फरक पकडायला इतके डाव लागतात. आपण माणसांना सहा डावांवर मोजून मोकळे होतो.

फिडेचे नियम वाचले तर त्यांतही हीच सावधगिरी दिसते. एका निकालाने रेटिंग किती हलायचं ते के गुणक ठरवतो; २४०० च्या वर गेलेल्या खेळाडूचा तो १० असतो. अशा दोन सारख्या रेटिंगच्या खेळाडूंमध्ये बारा डावांची लढत ७-५ अशी सुटली, तर जिंकणाऱ्याला मिळतात फक्त दहा अंक. या सामन्यावरून मत इतकंच बदला, असं रेटिंग पद्धतच सांगते, कारण आधीच्या शेकडो डावांचं मत तिच्याकडे जमा आहे. नवीन खेळाडूला पहिलं रेटिंग द्यायला किमान पाच डाव लागतात, आणि २०२४ पासून त्या हिशोबात १८०० च्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या बरोबऱ्या मिळवतात, म्हणजे पाच डावांतल्या भन्नाट कामगिरीला लगाम बसतो. ग्रँडमास्टर किताबासाठी एका स्पर्धेत चमकून भागत नाही. नॉर्म (किताबासाठी ठरवून दिलेल्या दर्जाची स्पर्धेतली कामगिरी) मिळून किमान २७ डाव भरावे लागतात आणि शिवाय २५०० रेटिंग गाठावं लागतं.

मग तुमच्या दोघांबद्दल मत बनवायचं कसं? मी असतो तर सर्वांत आधी त्या सहा डावांचे कागद मागून घेतले असते. गुणफलक बाजूला ठेवून एकेक डाव लावून बघायचा आणि निकाल कुठे फिरला ते शोधायचं. एक डाव घोडचुकीवर गेला की हळूहळू दाबून जिंकला? घड्याळात दोन मिनिटं उरल्यावर पडला की भरपूर वेळ असताना? जिंकलेला पट कोणी हातचा घालवला? ओपनिंगमध्ये कोणी ठरावीक सापळ्यात अडकला का? गुकेश आणि डिंग यांची २०२४ ची जगज्जेतेपदाची लढत आठवा. चौदावा डाव सुरू होताना गुण ६.५-६.५. हत्ती आणि उंटांचा तो अंतिम पट बरोबरीकडेच चालला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला, मोहरी उतरली, प्याद्यांचा डाव हरला आणि गुकेश ७.५-६.५ असा जगज्जेता झाला. ती एक चाल सोडली तर दुसऱ्या दिवशी टायब्रेक होता. गुणफलकावर एका गुणाने पडलेला फरक एवढाच दिसेल. डाव लावून बघितले तर दिसेल की बरोबरीचे पटही गुकेश खेळवत ठेवत होता आणि डिंग संधी असताना मिटवायला बघत होता. त्या घोडचुकीत या दडपणाचाही वाटा होता. लढतीआधी गुकेशचं रेटिंग २७८३ होतं, डिंगचं २७२८.

इंजिन लावून सरासरी चूक काढणं हा आजचा आवडता उपाय आहे. थोडा उपयोग होतो, पण जपून. शांत, कोरडे डाव खेळणाऱ्याचा आकडा नेहमीच चांगला येतो, कारण चुकायला तिथे जागाच कमी असते. मी आकड्यापेक्षा हे बघतो की अवघड वळणावर कोणाला पट आधी कळला.

त्यानंतर दोघांचे गेल्या वर्षभराचे स्पर्धांमधले डाव बघा, तेही इतरांशी खेळलेले. आपल्याहून शंभर-दीडशे अंकांनी वरच्या खेळाडूंकडून कोण गुण खेचतो, खालच्यांना कोण हमखास हरवतो. पहिल्या पटावर बसणाऱ्याला समोरच्या संघाचा सर्वांत भारी खेळाडू भेटणार आहे. आपल्याच संघातल्या मित्राला हरवण्याचा आणि त्या कामाचा संबंध तसा लांबचाच. काही खेळाडू काळ्या मोहऱ्यांनी भक्कम बरोबरी काढण्यात वाकबगार असतात. पहिल्या पटावर मला असा खेळाडू अनेकदा जास्त उपयोगी वाटतो, भले तो एखादा निवड सामना हरलेला असो.

एक गोष्ट मात्र हरलेल्यालाही सांगायला हवी. ‘अजून सहा डाव खेळू’ ही मागणी निकाल लागल्यानंतर करता येत नाही. हरलेल्याने दर वेळी सामना वाढवून मागायचा आणि पुढे गेला की थांबायचं, असं चाललं तर सारख्या ताकदीचा कोणीही कधी ना कधी ‘जिंकलेला’ दिसेल. किती डाव, कोणत्या वेळेचे, बरोबरी झाली तर काय, हे सगळं पहिली चाल होण्याआधी लिहून ठेवायचं असतं. जुन्या २४ डावांच्या लढतींत १२-१२ झालं तर जगज्जेत्याकडेच पद राहील असं आधीच ठरलेलं असे, आणि १९५१ मध्ये ब्रॉन्स्टाइनविरुद्ध, १९५४ मध्ये स्मिस्लोव्हविरुद्ध बॉटविनिकने त्याच नियमावर पद राखलं. नियम न्याय्य होता का यावर वाद घाला, पण तो सगळ्यांना माहीत होता.

तेव्हा या मोसमात पहिला पट जिंकलेल्यालाच द्या. पुढच्या मोसमासाठी सामना लावूच नका. दोघांनाही संघाच्या सामन्यांत दोन्ही पटांवर आलटून पालटून बसवा, वर्षभराचे डाव जमवा, प्रतिस्पर्ध्यांचं रेटिंग धरून दोघांची कामगिरी काढा. तीस-चाळीस डाव जमले आणि तरीही फरक दिसला नाही, तर दोघांत पट ठरवायला नाणेफेकही चालेल.